हरकत असल्यास कळवावे

"अहो, ऑफिसातल्या अवधूतला चहा पिता पिता सांगून टाका ना," असं आमची जान्हवी म्हणाली होती. तिचं ऐकलं असतं तर हे प्रकरण चहाच्या टपरीवरच संपलं असतं. पण मी म्हणालो, "तोंडी? अगं, तोंडी आश्वासनांनी या जिल्ह्याचं किती वाटोळं झालंय, ते मी उभा जन्म लिहीत आलो. तोंडी काही नाही. लेखी अर्ज द्यायचा. आणि त्याची पोच घ्यायची."

मी केशव. एका दैनिकाच्या जालना कार्यालयातला ज्येष्ठ प्रतिनिधी. (पगार वाढवायचा नसला की मालक नावापुढं शब्द वाढवतात. मला 'ज्येष्ठ' मिळाला.)

आता अर्ज कशासाठी, ते सांगतो. माझ्या आईचं, म्हणजे रमाबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे, वाकू द्यायचं नाही, चुलीजवळ जाऊ द्यायचं नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात बढतीच्या यादीत जान्हवीचं नाव लागलं. ती पतसंस्थेत कारकून. तिच्यानंतर लागलेले लोक तिला ओलांडून वर गेले, आणि ही त्यांना नमस्कार घालत कॅशवर बसली. आता कुठं तिला आष्टीच्या शाखेची शाखाधिकारी केलं. पंधरा दिवसांनी सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर पद दुसऱ्याला. सकाळच्या बसनं जालन्याहून निघायचं ते दिवेलागणीला परत यायचं. तोवर आईच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार?

"तुम्ही फक्त चारपर्यंत घरी थांबलात तरी जमेल, पुढचे थेंब शेजारीण घालेल," जान्हवी म्हणाली. "बातम्या काय, फोनवरूनही लिहिता येतात."

योगायोग असा की, आमच्या मुख्य कार्यालयानं नुकतंच एक परिपत्रक काढलं होतं. ज्यांना गरज आहे त्यांनी घरून काम करण्यासाठी अर्ज करावा, कर्मचाऱ्यांच्या आनंदातच संस्थेचा आनंद आहे, वगैरे. संस्था आनंदाबद्दल बोलायला लागली की मी खिसा चाचपतो. या परिपत्रकात काहीतरी काळंबेरं आहे, हे मी त्याच दिवशी ओळखलं. अर्ज करणारे कोण ते बघायचं, नावं टिपायची, आणि पुढं एकेकाला कायमचं घरी बसवायचं! म्हणून मी असा अर्ज लिहायला बसलो, की ज्याच्यातून उंदीरसुद्धा निसटणार नाही.

चार पानं झाली. त्यात कामगार चळवळीचा थोडक्यात इतिहास होता. वृत्तपत्र स्वातंत्र्य होतं. माझी आजवरची सेवा होती, ती तपशीलवार. आणि मुख्य कार्यालय अर्जावर अंडी उबवत बसेल, या संशयापोटी शेवटी एक परिच्छेद मी खास टाकला: "सदर अर्जाबाबत कोणाचीही काही हरकत असल्यास त्यांनी ती सात दिवसांच्या आत लेखी कळवावी. मुदतीत हरकत न आल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल. नंतर आलेली तक्रार ऐकली जाणार नाही."

हा परिच्छेद मी जान्हवीला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, घर विकताय का?"

बायकांना कायदा कळत नाही, असं मी मनात म्हणालो. (मनातच म्हणालो. मी लढाऊ आहे, वेडा नाही.)

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. आमच्याकडं आलेला कागद घेणं, टाइप करणं, जाहिराती लावणं, पानं जोडणं, एसीला फटका मारून चालू करणं, हे सगळं एकटा हरिओम करतो. वडीगोद्रीचा पोरगा, कामाला वाघ.

"हरिओम, याची पोच पाहिजे. शिक्का मार."

"दादा, आवकचा शिक्का न्हाई आपल्याकडं. ह्यो एकच हाय." त्यानं शिक्का दाखवला. त्यावर 'जाहिरात स्वीकारली' असं होतं.

"मार. शिक्का तो शिक्का."

त्यानं मारला. मग अर्जावरून नजर फिरवत शेवटच्या परिच्छेदावर थांबला. "दादा, लई मोठा हाय. बारीक करून टायपू का? मधलं काढून टाकतो, खालचं ठिवतो."

मुख्य कार्यालयाला पाठवायची प्रत तो टाइप करून देतोय, केवढी ही निष्ठा, असं मला वाटलं. म्हणालो, "मधलं हवं तर काढ. खालचं मात्र शब्दन् शब्द राहिलं पाहिजे."

"हेडिंग ठळक करू का?"

"कर! सगळ्यांना दिसलं पाहिजे."

"चौकट?"

"चौकटही टाक."

माझ्या पायावर माझ्याच हातानं कुऱ्हाड मारायला हरिओमनं मला इतका मान देऊन विचारलं, आणि मी प्रत्येक वेळी 'हो' म्हणालो.

अर्ज दिला आणि वाट बघायला लागलो. निर्णय घ्यायचा अवधूतनं. अवधूत म्हणजे आमचा आवृत्तीप्रमुख. एके काळी माझ्या हाताखाली शिकला. याची पहिली बातमी मी लाल शाईनं इतकी दुरुस्त केली होती की, त्याला वाटलं मी कागदावर पान खाऊन थुंकलोय. तेव्हा मला 'सर' म्हणायचा. केबिन मिळाली त्या दिवसापासून 'काका' म्हणतो. नात्यात बढती, हुद्द्यात घसरण!

दोन दिवसांनी त्याला दारात गाठलं. "अर्जाचं काय झालं?"

तो गालातल्या गालात हसला. "काका, मुदत तर संपू द्या. मग बघू."

मुदत? कसली मुदत? आमच्या व्यवसायात मुदत एकाचीच संपते, माणसाची. माझ्या डोक्यात घंटा वाजली. हे लोक मला निवृत्त करताहेत!

आणि एकदा संशय आला की पुरावे आपोआप चालत येतात, हा माझा अनुभव आहे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं मी न विचारताच सांगितलं, "साहेब, माझी काही हरकत न्हाई बरं का." मला वाटलं, दुकानापुढं स्कूटर लावतो त्याबद्दल बोलतोय. म्हणालो, "असली तरी मी काढणार नाही." तो बिचारा उधारीची वही चाळायला लागला. मग एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथले लोक एरवी मला पाहिलं की फायलीत तोंड घालतात. त्या दिवशी उठून खुर्ची दिली. चहा मागवला. एकानं तर हात हातात घेऊन विचारलं, "मंग केशवराव, कधीपासून घरी?" त्याच्या डोळ्यांत इतकं प्रेम मी आजवर पाहिलं नव्हतं. म्हणजे बातमी बाहेर फुटलीय. सगळ्या जालन्याला माहीत आहे, मला सोडून!

घरीही तीच गत. शेजारच्या कांताबाई आईला रोज पेपर वाचून दाखवायला यायच्या. (त्यांचे यजमान अंकुशनगरला साखर कारखान्यात होते. भोंग्याच्या वर आवाज काढून बोलायची सवय त्यांची अजून गेलेली नाही.) मी घरात शिरलो की या कांताबाई एकदम गप्प. भोंगा बंद पडावा तशा. आई काळ्या चष्म्याआडून माझ्याकडं तोंड करून बसायची. तिला नीट दिसत नव्हतं, पण रोखून बघायची मात्र.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही न्हाई," दोघी एकदम म्हणाल्या.

काही नाही, असं दोन माणसं एकदम म्हणाली की तिथं बातमी असते. मी शोध घ्यायचं ठरवलं. हरिओमला टपरीवर नेला. माझ्यातर्फे भजी खाऊ घातली.

"हरिओम, आतल्या गोटातलं सांग. माझ्याविरुद्ध काय शिजतंय?"

"दादा, तुमच्यासाठी टपाल येऊन राह्यलं. लई. साहेब एका पाकिटात ठिवून राह्यले."

"कुणाचं टपाल?"

"ते बोलता येत न्हाई," तो भजं मोडत म्हणाला. "गोपनीय असतंय ना."

त्या संध्याकाळी मी काहीतरी विचारायच्या निमित्तानं अवधूतच्या टेबलापुढं उभा राहिलो. समोरच्या माणसाच्या टेबलावरचे कागद उलटे वाचणं ही माझी खासियत. पाकीट जाडजूड होतं. त्यावर माझं नाव, आणि खाली एकच शब्द: हरकती.

बस. कट उघडा पडला. माझ्याविरुद्ध साक्षी गोळा होताहेत. कोण देतंय? कुणाच्या सांगण्यावरून? त्या रात्री जेवताना मी जान्हवीला सगळं सांगितलं. तिनं पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"अहो, तुम्ही आपला पेपर वाचता का?"

"म्हणजे काय? रोज वाचतो."

"पूर्ण?"

मला तो प्रश्न अपमानास्पद वाटला, म्हणून मी भाजी वाढून घेतली. (खरं सांगायचं तर पहिल्या पानापासून माझं नाव येईपर्यंत मी वाचतो. त्यापुढं काय छापतात याच्याशी माझा संबंध नाही.)

"सोमवारी मला आष्टीला हजर व्हायचंय," ती एवढंच म्हणाली. "शुक्रवारपर्यंत होय की नाही, ते कळवायचंय."

शुक्रवारी सकाळी मी अवधूतच्या केबिनचं दार ढकलून आत गेलो. "बोल! काय पुरावे आहेत ते टेबलावर ठेव. मी घाबरत नाही."

"बसा काका. मुदत आजच संपली. मी तुम्हाला बोलावणारच होतो." त्यानं ड्रॉवरमधून आमचाच एक जुना अंक काढला आणि सातवं पान उघडून पुढं सरकवलं.

वडीगोद्रीकडच्या एका शेताच्या हद्दीची नोटीस, खाली कुणाचं तरी हरवलेलं गुणपत्रक, आणि दोन्हींच्या मधोमध, जाड चौकटीत, टपोऱ्या अक्षरात:

'जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, श्री. केशव हे यापुढे घरी राहून काम करू इच्छितात. सदर बाबतीत कोणाचीही काही हरकत असल्यास...'

पुढचं मला पाठ होतं. मीच लिहिलं होतं.

मी बाहेर ओरडलो, "हरिओम!"

हरिओम दारात आला. "दादा, शिक्का जाहिरातीचा, मजकूर नोटिशीचा. चौकट तर तुम्हीच सांगितली. 'तमाम लोकांस' तेवढं मी टाकलं. ते टाकल्याबिगर नोटीस कशी दिसंल?"

"आणि तू?" मी अवधूतकडं वळलो. "तू हे थांबवलं नाहीस?"

"मी छापून आल्यावर बघितलं. मग मुख्य कार्यालयाला कळवलं. ते म्हणाले, आता नोटीस निघालीच आहे, तर हरकती येऊ द्या, बघून ठरवू." त्यानं पाकीट उघडलं. "काका, एक बोलू? तुमच्या कुठल्याच बातमीला आजवर एवढी पत्रं आली नव्हती."

मग तो एकेक वाचायला लागला. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं होतं की, केशवरावांचा फोनवरचा आवाज फक्त रविवारी सोसावा लागतो म्हणून कॉलनी टिकून आहे. त्या सरकारी कार्यालयातून सर्वांच्या सह्यांचं पत्र होतं. हरकत मुळीच नाही, उलट परवानगी कायमस्वरूपी द्यावी. परतूरकडच्या एका वाचकानं कळवलं होतं, 'यांच्या बातम्या आधीपासून घरी बसूनच लिहिलेल्या वाटतात, सबब नवीन काही नाही.'

"हे सगळं सोडा," अवधूत म्हणाला. "मुख्य कार्यालय म्हणतं, बाहेरचे लोक काही का म्हणेनात. पण एक हरकत घरातूनच आलीय. घरातल्याच माणसाला नको असेल, तर परवानगी कशी द्यायची?"

त्यानं शेवटचा कागद पुढं केला. अक्षर कांताबाईंचं होतं. मजकूर असा: 'केशव माझा मुलगा आहे. चांगला आहे. पण तो घरात असला की टीव्हीशी भांडतो. माझा डोळा नवीन आहे, त्याला आराम पाहिजे. सबब माझी सक्त हरकत. रमाबाई.'

"बनावट!" मी किंचाळलो आणि तिथल्या तिथं घरी फोन लावला. "आई, तुझ्या नावानं कुणीतरी खोटं पत्र दिलंय."

"खोटं कशाचं? मीच सांगितलं, कांतानं लिहिलं. सात दिवसांत कळवा म्हणून पेपरात आल्तं ना? कळवलं."

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मला भांडायला समोर कुणी सापडेना. अवधूत हळूच म्हणाला, "काका, मग आज नकार कळवू का?"

"संध्याकाळपर्यंत थांब," मी म्हणालो. ते मी इतक्या मऊ आवाजात म्हणालो की, हरिओमनं येऊन मला पाणी दिलं.

घरी गेलो. जान्हवी टेबलाशी बसली होती. पुढ्यात पतसंस्थेचं पत्र. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती न रागावता ऐकत होती, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"नोटीस मी दुसऱ्याच दिवशी बघितली," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खुलासा छापला असता. त्यावर पुन्हा हरकती मागवल्या असत्या." तिनं पेन उचललं. "जाऊ द्या. लिहिते मी, की मला जमत नाही. इतकी वर्षं कॅशवर काढली, अजून काढीन."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "काय जमत न्हाई गं?"

"आष्टीचं, आई. शाखाधिकारी केलंय मला, नक्की झाल्यावर तुम्हाला सांगणार होते. पण मी गेले तर तुम्हाला थेंब कोण घालणार? म्हणून हे घरी थांबणार होते."

आई भिंत चाचपत बाहेर आली. काळा चष्मा, कमरेत खोचलेला पदर. "तुझं पद ह्याच्या घरी बसण्यावर हाय?"

"हो."

"मंग हे नोटिशीत का न्हाई?" आई माझ्याकडं वळली. (मी जिथं उभा होतो त्याच्या जरा डावीकडं वळली, पण रोख बरोबर होता.) "कांतानं मला दोनदा वाचून दाखवलं. सुनेचं पद न्हाई, माझा डोळा न्हाई. केशव, मूळ अर्जात तरी लिहिलं होतंस का?"

मी आठवून बघितलं. चळवळीचा इतिहास होता. वृत्तपत्र स्वातंत्र्य होतं.

"न्हाई लिहिलं," आई म्हणाली. "मला वाटलं, म्हातारपणी आराम करायला घरी येऊन राह्यला. इतकी वर्षं बातम्या लिहितोस आणि मुद्दाच ठेवून देतोस? लाव त्या अवधूतला फोन."

मी लावला. आईनं फोन असा धरला, जसा पोलीस अधिकारी धरतो.

"अवधूत, रमाबाई बोलते. माझी हरकत मागं घेतली. लिहून घे. सुनेला आष्टीला जायचंय. मोठी साहेब होऊन राह्यली ती."

"आजी, अभिनंदन सांगा. मी आत्ताच मंजुरी मागतो. पण वरचे विचारतील की काका घरी खरंच काम करतात, हे कशावरून?"

"मी हाय ना! दर आठवड्याला मी सांगत जाईन तुला."

मी मनात हसलो. ज्या बाईला समोरचा मुलगा नीट दिसत नाही, ती काय देखरेख ठेवणार! अवधूतनं आनंदानं होकार दिला आणि तासाभरात मंजुरी आली. सोमवारी पहाटेपासून जान्हवीची धांदल. नवी साडी, डबा, घड्याळ. बस सुटताना तिनं खिडकीतून हात हलवला, तेव्हा माझा ऊर भरून आला. लढलो आणि जिंकलो, असंच मी सगळ्यांना सांगितलं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मोतीबिंदू काढलेला डोळा दिवसागणिक सुधारतो. आणि तो मी घातलेल्या थेंबांनीच सुधारत होता.

पुढच्या सोमवारी चारनंतर ऑफिसात गेलो, तर सगळे अवधूतच्या टेबलाभोवती जमलेले. हरिओमचं तोंड पदर लावल्यासारखं रुमालात. अवधूतच्या फोनवर आईनं रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप चालू होता:

"रमाबाई बोलून राह्यले. सोमवार. केशवनं लॅपटॉप उघडला, झोपला. मंगळवार. फोनवर म्हणाला, मी तहसीलपुढं उभा हाय. पलंगावर आडवा होता. बुधवार. लाइट गेल्ती म्हणून लवकर झोपला. गुरुवार. काम केलं, थोडं. शुक्रवार. बातमीला जातो म्हणाला, कांताकडं पोहे खाऊन आला. थेंब मात्र बराबर वेळेवर घातले. तेवढं त्याला जमतं. बाकी क्षेम."

अवधूतनं फोन बंद केला. म्हणाला, "काका, एक शब्द फालतू नाही हो. आजींना विचारा ना, तालुका प्रतिनिधी होतील का?"

त्या संध्याकाळी मी जान्हवीची वाट बघत दारातच उभा होतो. ती आष्टीहून आली ती हसतमुख, खांद्याला पर्स, हातात शाखेची किल्ली. तिला चपलाही काढू दिल्या नाहीत.

"ऐक. माझ्याच आईनं ऑफिसात माझ्याविरुद्ध..."

"अहो, माहीत आहे," ती म्हणाली. "आईंचा निरोप तुमच्या ऑफिसला आठवड्यातून एकदा जातो. मला रोज येतो. परतीच्या बसमध्ये ऐकते मी. पहिल्या दिवशी चुकून फोनचा स्पीकर चालू राहिला."

"मग?"

"मग काय! आता मी बसमध्ये चढले की कंडक्टर तिकिटाच्या आधी विचारतो, मॅडम, साहेब उठले का?"